‘उन्हाळी लागलीय’ आणि पुढचे 48 तास : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर

प्रत : मा. जिल्हा शल्यचिकित्सक, बाराही तालुक्यांचे तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

महोदय,

गरोदर बाईला लघवीला जळजळ होऊ लागली की करवीरपासून चंदगडपर्यंत घराघरांत एकच निदान होतं, ‘उन्हाळी लागलीय’. मग धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. त्यात वाईट काही नाही, तेवढंच पाणी पोटात जातं. पण त्याच बाईला चार दिवसांनी हुडहुडी भरून 103 ताप येतो, उजव्या कुशीला ती हात लावू देत नाही, पाणीसुद्धा उलटून पडतं. आणि तेव्हा मात्र उन्हाळी कुणाला आठवत नाही. पावसाळा असेल तर आधी डेंग्यूचं कार्ड, मग मलेरियाची काचपट्टी. लघवीचा नंबर कित्येकदा दुसऱ्या दिवशी लागतो. त्या हुकलेल्या एका दिवसाबद्दल आणि औषध सुरू झाल्यानंतरच्या 48 तासांबद्दल हे पत्र आहे.

आमचं म्हणणं असं. किडनीच्या जंतुसंसर्गात गरोदर बाईच्या जिवावर बेततं ते जंतूंमुळे जितकं, तितकंच तिच्याच शरीरानं जंतूंना दिलेल्या उत्तरामुळे. गरोदरपणात हे उत्तर सुरुवातीला दबकं असतं आणि नंतर अंगावर येतं. आपली एएनसी (गरोदरपणातली) तपासणी, रिपोर्टवर छापलेल्या ‘नॉर्मल रेंज’ आणि रेफरल चिठ्ठी यांतलं काहीच या दोन टोकांचा विचार करून बनवलेलं नाही. ते बदलायला फार पैसा लागत नाही. काय लागतं ते ओघात सांगतोच.

लघवी का तुंबते, हे थोडक्यात. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिनीचे स्नायू सैल पडतात. वाढतं गर्भाशय उजवीकडे कलतं. डाव्या बाजूला सिग्मॉइड आतड्याची गादी आडवी असते, उजवीला ती नाही. म्हणून उजवी किडनी जास्त वेळा धरते. लघवीत साखर आणि अमिनो आम्लं उतरतात, म्हणजे जंतूंना खाणंही घरपोच. यातला बहुतेक आजार चौथ्या महिन्यानंतर दिसतो. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढचं कमी बोललं जातं.

ई. कोलाय मूत्राशयात शिरतो तेव्हा टोकावरच्या चिमट्यानं अस्तरावरची मॅनोज साखर धरून बसतो. त्याला फसवायला किडनी स्वतः एक प्रथिन लघवीत सोडते, युरोमोड्युलिन. त्याच्यावरही मॅनोज असते. जंतू अस्तराऐवजी त्यालाच चिकटतो आणि लघवीबरोबर वाहून जातो. पण काही ई. कोलायकडे दुसऱ्या प्रकारचे केस असतात, पी-फिंब्रिया. त्यांना मॅनोजचं काही पडलेलं नसतं. ते किडनीच्या अस्तरातल्या ग्लायकोलिपिडला धरतात. किडनीपर्यंत चढणारे मुख्यतः हे.

चिकटल्यानंतर घंटा वाजवायचं काम अस्तराच्या पेशींवरच्या टीएलआर-4 या ग्राहकाचं. जंतूच्या कवचातलं लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, जाणवलं की पेशी इंटरल्युकिन-6 आणि इंटरल्युकिन-8 हे निरोप्या रेणू सोडतात. इंटरल्युकिन-8 रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतं. ते अस्तर ओलांडून लघवीत उतरतात, रिपोर्टवर ‘पस सेल्स’ म्हणून दिसतात ते हेच. इंटरल्युकिन-6 यकृताला सीआरपी हे दाहाचं प्रथिन बनवायला लावतं. त्याच्या जोडीला इंटरल्युकिन-1 आणि टीएनएफ आले की मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं आणि ताप चढतो. थोडक्यात, पस, सीआरपी आणि ताप या तिन्ही गोष्टी जंतूच्या नव्हेत, उत्तराच्या खुणा आहेत. उत्तरच दबलेलं असेल तर खुणाही दबतात.

ज्या उंदरांत टीएलआर-4 जन्मतः निकामी असतो त्यांच्या मूत्रमार्गात जंतू सोडले तर पस होत नाही, उंदीर आजारी दिसत नाहीत आणि जंतू आरामात नांदतात. माणसांतली लक्षणाविना जंतुलघवी याच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. गरोदर बायकांत तिचं प्रमाण 2 ते 10 टक्के. उपचार केले नाहीत तर त्यांतल्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला पुढे किडनीचा संसर्ग होतो. वेळेवर उपचार केले तर तो धोका बराच खाली येतो. 30,000 लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला 450 गरोदर धरू. 5 टक्क्यांनी 22 बायका जंतू बाळगून फिरतात आणि काही न केल्यास पाच ते सात जणी तापानं फणफणून येतात. एका केंद्राला ही संख्या किरकोळ वाटते. जिल्हाभराची बेरीज आपणच करावी.

आता गरोदरपण. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात किडनीचा संसर्ग झालेल्या गरोदर आणि गरोदर नसलेल्या बायकांची तुलना केली होती; गरोदर बायकांत इंटरल्युकिन-6 आणि ई. कोलायविरुद्धच्या अँटीबॉडी, दोन्ही कमी निघाल्या. कारण समजण्यासारखं आहे. पोटातलं बाळ निम्मं वडिलांचं, म्हणजे शरीराच्या लेखी निम्मं परकं. ते सांभाळायचं तर टी-पेशींचा आक्रमकपणा आवरावा लागतो, नियामक टी-पेशी वाढवाव्या लागतात. त्याच वेळी मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल मात्र नेहमीपेक्षा जास्त तापलेले असतात. ‘गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ असं आपण सरसकट म्हणतो ते म्हणूनच अपुरं आहे. शिकलेली, नेमका जंतू ओळखणारी फळी मागे हटलेली असते. आडदांड फळी कमरेला शेला बांधून उभी असते. मूत्रमार्गात उत्तर मिळमिळीत आणि रक्तात एंडोटॉक्सिन उतरलं की अनावर, असा हा विचित्र मेळ आहे. दाखल झालेल्या गरोदर रुग्णांपैकी 15 ते 20 टक्क्यांच्या रक्तात जंतू सापडतात.

एंडोटॉक्सिन रक्तात आल्यावर चार ठिकाणी मार बसतो. गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन वाढून कळा सुरू होतात. किडनीचं गाळणं मंदावतं. तांबड्या पेशींचं आवरण फाटून हिमोग्लोबिन उतरतं. आणि फुफ्फुसांतल्या केशवाहिन्या झिरपू लागतात. गरोदरपणात रक्त पातळ झाल्यानं अल्ब्युमिन आधीच कमी, त्यामुळे पाणी वाहिन्यांत धरून ठेवणारा ओढा अपुरा. फुफ्फुसात पाणी भरायला फार वेळ लागत नाही.

हिमोग्लोबिनचं इथेच सांगून टाकतो, कारण त्यावरून बाईला बोलणी बसतात. सातव्या महिन्यात 10.5 होतं, तापातून उठल्यावर 8.8 आलं, की वही बघून पहिला प्रश्न येतो, ‘गोळ्या टाकून दिल्यास ना?’ तिनं गोळ्या नेमानं खाल्ल्या असतील. एंडोटॉक्सिननं पेशी फुटल्या, आणि दाहामुळे वाढलेल्या हेप्सिडिननं आतड्यातून लोह आत घेणंही बंद केलं. या काळात फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याचा आकडा, दाहामुळेच चढतं, त्यामुळे तेही खरं बोलत नाही. हिमोग्लोबिन पडलं म्हणून ताप असतानाच शिरेतून आयर्न सुक्रोज लावू नये. संसर्ग आटोक्यात आल्यावर बघावं. हे एवढं जरी परिपत्रकात आलं तरी पुष्कळ आहे.

आता रिपोर्टवरच्या आकड्यांबद्दल. गरोदरपणात पांढऱ्या पेशी 15,000 पर्यंत एरवीही असू शकतात, म्हणून 14,000 वरून ‘इन्फेक्शन आहे’ किंवा ‘विशेष नाही’ यांतलं काहीच ठरवता येत नाही. ईएसआर करणं म्हणजे कागद वाया घालवणं. क्रिएटिनिन उलट कमी असतं, 0.4 ते 0.8. प्रयोगशाळेच्या कागदावर 0.6 ते 1.2 छापलेलं असतं, म्हणून 1.1 ला तारा लागत नाही आणि नजर पुढे सरकते. गरोदर बाईत 1.1 म्हणजे किडनीनं मान टाकायला सुरुवात केली आहे. नाडी एरवीही 10 ते 20 नं जास्त, बीपी दुसऱ्या तिमाहीत थोडं खालीच. या सगळ्यात श्वासाचा वेग मात्र गरोदरपणात फारसा बदलत नाही. म्हणून मिनिटाला 26 श्वास दिसले तर ‘पोट वर आलंय, धाप लागणारच’ हे उत्तर चालणार नाही. रक्तवायूंच्या तपासणीतही हाच सापळा: कार्बन डायऑक्साइडचा दाब गरोदरपणात 28 ते 32 असतो. ज्या धापणाऱ्या बाईचा तो 40 आला ती ‘नॉर्मल’ नाही, थकली आहे.

आमची पहिली मागणी याच्याशीच जोडलेली आहे. जिल्ह्यातल्या सरकारी प्रयोगशाळांनी गरोदर बाईच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या शेजारी ‘गरोदर: 0.8 पर्यंत’ असा रबरी शिक्का मारावा. खर्च, एक शिक्का आणि एक पॅड.

श्वास मोजायचा कसा, हेही लिहितो, कारण चार्टवर सगळ्यांचे श्वास 18 किंवा 20 च असतात हे आपण सगळेच जाणतो. नाडी मोजतोय असं भासवत मनगट बाईच्याच छातीवर ठेवावं, म्हणजे ती श्वास आवरत नाही. घड्याळाकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोजावं. 15 सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. 24 च्या वर गेलं की डॉक्टरांना बोलवावं. ऑक्सिमीटर 95 च्या खाली गेला तरी बोलवावं. इतर रुग्णांना चालणारे 92-93 इथे चालत नाहीत, बाळाचा पुरवठा त्यातूनच होतो. नखांवर मेंदी असेल तर कानाच्या पाळीवर लावून बघावा.

ही मोजणी पहिल्या डोसनंतर जास्त महत्त्वाची, कमी नाही. हे पुन्हा सांगण्यासारखं आहे, कारण इथे आपली सवय उलटी आहे. अँटिबायोटिक लागू पडलं की जंतू फुटतात आणि त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन एकदम मोकळं होतं. औषध बरोबर असतं, ताप उतरू लागलेला असतो, नातेवाईक चहाला गेलेले असतात, आणि दुसऱ्या रात्री श्वास 22 वरून 30 वर जातो. किडनीच्या संसर्गानं दाखल झालेल्या गरोदर बायकांपैकी काही टक्क्यांना असा फुफ्फुसांचा त्रास होतो, आणि तो बहुतेक वेळा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच. ‘ताप नाही, उद्या डिस्चार्ज’ असं पहिल्या 48 तासांत कुणी लिहू नये.

यात आपण हातानं भर घालतो ती दोन प्रकारे. एक, सलाईन. ताप आणि उलट्यांनी बाई सुकलेली असते, पाणी द्यावंच लागतं. पण प्राथमिक केंद्रात दोन बाटल्या, ॲम्ब्युलन्समध्ये एक, मोठ्या रुग्णालयात ‘सेप्सिस आहे’ म्हणून आणखी तीन, आणि बेरीज कुणीच करत नाही. बीपी ठीक असेल तर गेलेलं पाणी भरून निघेल एवढंच द्यावं. बीपी पडलं असेल तर सुरुवातीला 1 ते 2 लिटर, पण प्रत्येक 500 मिलीनंतर पाठीमागून फुफ्फुसांचे तळ ऐकून. तिथे चरचर ऐकू आली तर पुढची बाटली टांगू नये. कॅथेटर घालून दर तासाची लघवी लिहावी. 30 मिलीच्या खाली गेली तर तो इशारा. आणि सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक देताना रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळू नये, त्याच नळीतून एकाच वेळीही सोडू नये. कॅल्शियमबरोबर त्याचे कण जमतात. ती बाटली नॉर्मल सलाईनची असावी.

दोन, कळा थांबवायची औषधं. तापामुळे गर्भाशय आखडतं आणि लगेच आयसॉक्सुप्रिन चढवलं जातं. ते नाडी आणखी पळवतं आणि झिरपणाऱ्या फुफ्फुसांवर भार टाकतं. बऱ्याचदा ताप उतरला, पाणी मिळालं की कळा आपोआप मंदावतात. आधी गर्भाशयाचं तोंड तपासावं. ते उघडत नसेल तर थांबावं. 34 आठवड्यांच्या आत खरीखुरी प्रसूतीच सुरू झाली तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन 6 मिग्रॅ, 12 तासांच्या अंतरानं चार डोस, हे ठीकच. फक्त रक्ताचे नमुने त्याआधी घ्यावेत. डेक्सामेथासोननंतर पांढऱ्या पेशी वाढतात आणि मग त्या संसर्गामुळे की औषधामुळे, हा वाद घालत बसावं लागतं.

तापासाठी पॅरासिटामॉल, 650 मिग्रॅ ते 1 ग्रॅम, सहा तासांनी. डायक्लोफेनॅकची सुई नको. गावात अजून ‘ताप उतरवायची सुई’ म्हणून ती सर्रास दिली जाते. 20 आठवड्यांनंतर ती बाळाच्या किडनीवर परिणाम करते, शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची आवश्यक नळी आकसते, आणि इथे तर आईची किडनी आधीच मार खात असते.

मग प्राथमिक केंद्रात करायचं काय? गरोदर, 101 च्या वर ताप किंवा हुडहुडी, आणि पाठीच्या बाजूला शेवटच्या बरगडीखाली हलकी मूठ ठोकल्यावर कळ, एवढं जुळलं की लघवीचा नमुना घ्यावा, जमल्यास रक्ताचा कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याचा) नमुना घ्यावा, ॲलर्जी विचारावी, सेफ्ट्रिॲक्सोन 1 किंवा 2 ग्रॅम शिरेतून द्यावं आणि मग 108 ला फोन करावा. या क्रमानं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत डोस थांबवायचा नाही आणि नमुन्याआधी डोस द्यायचा नाही. लघवी होतच नसेल तर कॅथेटरनं घ्यावी. बाईला डाव्या कुशीवर झोपवावं. कुशीतल्या दुखण्याला अपेंडिक्स, मूतखडा, वार सुटणं ही कारणंही असतात हे डोक्यात असावं, पण त्या विचारात डोस अडू नये. गोळ्या देऊन घरी पाठवणं इथे चालत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन तर नाहीच. ते लघवीत भरपूर उतरतं पण किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. फॉस्फोमायसिनचंही तेच. मूत्राशयापुरत्या त्रासाला ही दोन्ही उत्तम, किडनीला निकामी. ताप असलेल्या बाईला ‘लघवीचं औषध’ म्हणून यांतलं एक देऊन पाठवणं ही या आजारातली सगळ्यात महागडी चूक आहे.

पुढचं रुग्णालयाचं काम, म्हणून उरकतो. 48 ते 72 तासांत बहुतेकींचा ताप उतरतो. नाही उतरला तर औषध बदलण्याआधी सोनोग्राफी: खडा अडकलाय का, गळू झालंय का. उजव्या किडनीत थोडी सूज गरोदरपणात असतेच, तेवढ्यावरून अडथळा म्हणू नये. कल्चरमध्ये ईएसबीएल (सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधं मोडणारा) जंतू निघाला तर मेरोपेनेम 1 ग्रॅम आठ तासांनी. 48 तास ताप नसेल तर संवेदनशीलतेप्रमाणे गोळ्या, सगळे मिळून 14 दिवस. औषध संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा कल्चर. त्यानंतर रोज रात्री झोपताना नायट्रोफ्युरँटॉइन 100 मिग्रॅ. 38 आठवड्यांनंतर किंवा तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर त्याऐवजी सेफॅलेक्सिन 250 मिग्रॅ. बाळंतपणानंतर चार ते सहा आठवड्यांपर्यंत. हा शेवटचा भाग डिस्चार्ज कार्डावर लिहिला जात नाही आणि म्हणून तीच बाई नवव्या महिन्यात परत येते.

आता मुळाशी. हे सगळं टाळायचा स्वस्त मार्ग म्हणजे पहिल्या नोंदणीच्या भेटीत, शक्यतो 12 ते 16 आठवड्यांत, एक लघवी कल्चर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या एएनसी शिफारशींतही कल्चरच पसंतीचं आहे. ते नसेल तर ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), आणि पट्टी त्यानंतर. आपल्याकडे एएनसीला बऱ्याच ठिकाणी जी पट्टी बुडवतात ती अल्ब्युमिन आणि शुगर एवढीच दाखवते. जंतूंबद्दल ती मुकी आहे. नायट्राइट आणि ल्युकोसाइट (पस सेल्स) दाखवणारी पट्टी घेतली तरी नायट्राइट जवळजवळ निम्म्या वेळा चुकतं, कारण जंतूला नायट्राइट बनवायला लघवी मूत्राशयात निदान चार तास मुरावी लागते आणि गरोदर बाई दर तासाला उठते. शिवाय गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पावसात पट्टीच्या डबीचं झाकण उघडं राहत गेलं तर पट्टी दमटते आणि नायट्राइट खोटंच गुलाबी होतं. पट्टी काढली की झाकण लावायचं, मग बुडवायची. आणि ल्युकोसाइट अंगावरच्या पांढऱ्या स्रावानंही येतात. नुसत्या पस सेल्सवर अँटिबायोटिक लिहू नये.

कल्चरची खरी लढाई प्रयोगशाळेत नव्हे, डबीत असते. बाईला सांगायचं ते इतकंच: हात धुवा, पाण्यानं पुढून मागे धुवा, लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. हे दाराबाहेरून ओरडून सांगायचं नसतं. आणि ज्या शौचालयात कडी, पाणी नि उजेड नाही तिथे कुठल्याही बाईला हे जमणार नाही, तेवढं आधी बघावं.

त्यानंतर घड्याळ सुरू होतं. ई. कोलाय अनुकूल उबेत साधारण 20 मिनिटांनी दुप्पट होतो. मिलीला 1,000 जंतू, म्हणजे नुसती हाताळणीतली घाण, असलेली डबी उन्हाळ्यात तीन तास टेबलावर राहिली तर कागदावरच्या हिशेबानं नऊ वेळा दुप्पट होऊन पाच लाखांवर जाते. कल्चरची रेषा 1,00,000 ला आहे, म्हणजे 0.001 मिलीच्या लूपनं पसरलेल्या प्लेटवर 100 वसाहती. बाईला काही नसताना सात दिवस औषध लागलं ते टेबलामुळे. तेव्हा दोन तासांत प्लेटवर, नाहीतर 4 अंशांना बर्फात आणि 24 तासांच्या आत. बर्फपेटी वेगळी, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘लघवी’ लिहिलेली. लसीच्या कॅरिअरमध्ये नमुना कदापि ठेवू नये. बोरिक आम्लाची नळी मिळाली तर बर्फाचीही कटकट नाही, फक्त खुणेपर्यंत भरावी. कमी भरली तर आम्ल जास्त होऊन खरा जंतूही दबतो. डबीवर नाव आणि तारखेबरोबर वेळ लिहायची चौकट छापून घ्यावी, आणि वेळ नसलेला नमुना प्रयोगशाळेनं परत करावा. तीन-चार जातींचे जंतू एकत्र उगवले तर तो संसर्ग नव्हे, चुकलेला नमुना, पुन्हा मागवावा. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर कार्डावर लाल शाईनं लिहावं, बाळंतपणाच्या वेळी पेनिसिलिन लागेल.

कल्चर 9 तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जिल्हाभरातून एकाच दिवशी नमुने आले तर प्लेट संपतील आणि डबे टेबलावर राहतील. नोंदणीच्या दिवशीच, आठवड्यातून दोन ठरलेले वार धरून, रक्ताचे नमुने ज्या वाटेनं तालुक्याला जातात त्याच वाटेनं पाठवावेत. मोठ्या प्रयोगशाळेनं वर्षातून एकदा गरोदर बायकांच्या लघवीतल्या जंतूंचा औषधवार तक्ता काढून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावा. एका जातीचे निदान 30 नमुने असतील तरच त्या आकड्याला अर्थ.

ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी वेगळी तजवीज लागेल. दिवाळीनंतर कोयता घेऊन आलेल्या बायकांत पोटुश्या असतातच. फडात आडोसा नाही म्हणून पहाटेनंतर त्या पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. यापेक्षा सोयीची परिस्थिती ई. कोलायला मागूनही मिळणार नाही. टोळी आठ दिवसांत दुसऱ्या शिवारात जाते, रिपोर्ट मागे राहतो. त्यांच्यासाठी पालावरच नमुना घ्यावा, आणि जंतू निघाले, ताप नसेल, जंतू फॉस्फोमायसिनला दबत असेल तर 3 ग्रॅमची एक पुडी पाण्यात विरघळवून समोर प्यायला द्यावी. सात दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स तिथे पुरा होत नाही. पुढच्या मुक्कामाच्या आशाताईंना फेरतपासणीसाठी कळवावं. रिपोर्ट मुकादमाच्या मोबाइलवर पाठवू नये. तो तिचा आहे.

रेफरल चिठ्ठीबद्दल. सध्या तिच्यावर ‘एएनसी, ताप, पुढील उपचारार्थ’ एवढंच असतं. आम्हाला पाच रकाने हवेत: लघवीचा नमुना घेतला का आणि किती वाजता, अँटिबायोटिक कोणतं, पहिला डोस किती वाजता, आतापर्यंत शिरेतून किती मिली गेलं, निघताना श्वास किती. चंदगडची बाई पुष्कळदा बेळगावला जाते, गडहिंग्लजची कधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात, कधी खासगीत. चिठ्ठी कुणाच्याही हातात पडली तरी 48 तासांचं घड्याळ कधी सुरू झालं ते तिच्यावर दिसलं पाहिजे.

शेवटी पूर. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, शिरोळ आणि करवीरमधली गावं दिवसेंदिवस पाण्यात होती. निवारा केंद्रात पन्नास जणींत एक शौचालय असलं की पाणी कमी पिणं आणि लघवी दाबणं आलंच. म्हणून जूनअखेर तीन गोष्टी व्हाव्यात. पूरग्रस्त यादीतल्या प्रत्येक उपकेंद्राकडे त्या भागातल्या कल्चर-पॉझिटिव्ह आणि आधी किडनीचा संसर्ग झालेल्या गरोदर बायकांची नावं असावीत. त्यांना पाणी चढायच्या आधी हलवावं. सेफ्ट्रिॲक्सोनच्या निदान सहा कुप्या, नॉर्मल सलाईन, कॅथेटर आणि एक चालू ऑक्सिमीटर बोटीनं पोचता येईल अशा ठिकाणी आधीच ठेवावा, सेलसकट. आणि त्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला श्वासाचा आकडा चिकटवावा: 24.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यात काम करणारे काही प्रसूतितज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि परिचारिका